आमच्या घरात दात टिकत नसत

आमच्या घरात दात टिकत नसत. हे दुखणं आहे असं कोणाला वाटायचं नाही. काही घरांत माणसं उंच निपजतात, काही घरांत सगळ्यांचे केस लवकर पिकतात, तसे आमच्याकडे दात लवकर पडतात, एवढीच समजूत. माझी आत्या, तिला आम्हीच काय, सगळी गल्ली आक्का म्हणायची, तरुणपणीच बोळकी झाली होती. यजमान वारल्यावर ती माहेरी पारोळ्याला परत आली, आणि मला आठवते ती बिनदातांचीच आक्का. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती ताटात कुस्करायची, वर झणझणीत फौजदारी डाळ ओतायची आणि बोटांनी कालवत बसायची. डाळ भाकरीत पुरती मुरेपर्यंत घास उचलायची नाही. भाजलेल्या शेंगा आम्ही दातांनी फोडायचो, ती दाणे खलबत्त्यात कुटून खायची. दुपारच्या शांततेत खलबत्त्याचा ठोका ऐकू आला की समजायचं, आक्काला भूक लागली. कोणी दातांचं विचारलं तर ती हसायची. "मना बठ्ठा दात ग्यात, तरी मी जित्ती शे ना?" म्हणायची आणि मशेरीची डबी उघडायची. दात मशेरीने गेले असं तिचं स्वतःचं मत होतं. म्हणून मशेरी सोडावी, असं मात्र तिला कधी वाटलं नाही.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कारण वेगळं होतं. ते शेती करायचे, कपाशी आणि भुईमूग, आणि लग्नसराईत गावातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे तो ट्रम्पेट. उन्हाळ्यात शेतात काम नसायचं. जेवणं झाली की आबा मागच्या ओट्यावर निंबाच्या सावलीत बसायचे, रुमालाने ट्रम्पेटचं तोंड पुसायचे आणि सराव करायचे. एकच ओळ पुन्हा पुन्हा, चुकली की परत पहिल्यापासून. शेजारचे कधी कुरकुरले नाहीत, कारण त्यांच्या घरच्या लग्नात वरातीपुढे आबाच असायचे. मग त्यांचे समोरचे दात हलायला लागले. ट्रम्पेट ओठांवर दाबून धरावा लागतो, आणि ओठांमागे दात घट्ट असावे लागतात. आबांचा सूर आधी फाटायला लागला, मग तुटायला. एका वरातीत मध्येच त्यांच्या तोंडातून रक्त आलं आणि त्यांनी ट्रम्पेट दुसऱ्याच्या हातात दिला. त्यानंतर ते बँडबरोबर गेले नाहीत. हलणारे दात काढून त्यांनी कवळी बसवून घेतली, पण कवळीवर तो सूर लागेना. दाबून दाबूनच दात गेले, असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या बोलण्यात ट्रम्पेटवरचा राग असायचा, घरातल्या माणसावर असावा तसा.

आबांना साखरेचा आजार होता, हे आम्हाला माहीत होतं. पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात गेले तेव्हा कळलं होतं. ते तिशीतले, अंगाने काटकुळे. लोकांना खोटंच वाटलं, कारण साखर म्हणजे गादीवर बसणाऱ्या जाड्या माणसाचं दुखणं, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. एक गोळी मिळाली होती. आठवलं तर घ्यायचे. आक्कालाही साखर निघाली होती. पण साखर एका खणात आणि दात दुसऱ्या खणात, असंच आमच्या घरात होतं. दोन्ही एकाच माणसांना का होतंय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आज हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, पण डोळ्यांसमोर असलेलं दिसायलाही कोणीतरी बाहेरचं माणूस यावं लागतं.

माय तेवढी या सगळ्याच्या बाहेर होती. ती चोपड्याकडची. तिचे दात म्हणजे लोखंड. पोत्याच्या सुतळीची गाठ ती दाताने सोडवायची, शिवताना दोरा दाताने तोडायची, आणि ओल्या हरभऱ्याचे घाटे भराभर फोडून दाणे माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, विलासच्या, हातावर ठेवायची. "पोरं मायवर गेली तं बरं," असं आक्का स्वतःच म्हणायची. लहानपणी आरशासमोर उभं राहून मी दात बघायची आणि ठरवायची की मी मायवर गेले आहे.

मी अकरावीत गेले आणि माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सुरुवात एका पेरूपासून झाली. मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या आवारात पेरू खात होते, एक चावा घेतला आणि पांढऱ्या गरावर लाल ठसा उमटला. मी तो पेरू ओढणीत लपवला. मग भाकरीच्या तुकड्यावर, सकाळी चुळीच्या पाण्यात, उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसायला लागलं. हिरड्या फुगून जांभळ्या झाल्या होत्या. तोंडाला वास यायचा. तो वास मला स्वतःला कळायचा, आणि दुसऱ्याला येत असेल या धास्तीने मी तोंडावर ओढणी धरून बोलायला लागले, पुढे बोलणंच कमी केलं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हते. सगळ्यात वाईट होती जिभेची सवय. खालचे समोरचे दात किंचित हलत होते, आणि माझी जीभ दिवसभर त्यांना टोचून बघायची. कालच्यापेक्षा जास्त हलतोय का? तेवढाच आहे का? पुस्तक समोर असायचं आणि सगळं लक्ष त्या दातांत.

त्याच सुमाराला मला भयंकर तहान लागायची. माठातला तांब्या मी उभ्याउभ्या संपवायची आणि परत भरायची. अंगावरचे कपडे ढिले झाले. माय म्हणायची, उन्हाळा आहे, अभ्यास आहे, पोर वाळणारच. खानदेशातल्या उन्हाळ्यात तहान कोणाला लागत नाही? पण मनातून मी घाबरले होते. आक्का जेवायला बसली की मी तिच्या तोंडाकडे बघायची, आतल्या त्या गुळगुळीत, रिकाम्या हिरड्यांकडे, आणि माझं ताट बाजूला सारायची. दातांचं मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं वाटायचं.

शेवटी गालानेच सांगितलं. एका सकाळी उठले तर डावा जबडा सुजलेला, ताप भरलेला, तोंड उघडेना. आक्काने तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, बाभळीची साल उकळली, लवंग ठेचून दाढेखाली धरायला दिली. संध्याकाळपर्यंत सूज हनुवटीखाली उतरली. आबांनी माझा चेहरा हातात धरून उजेडाकडे फिरवला. "कवयपाईन व्हतं हाई?" त्यांनी विचारलं. किती दिवसांपासून, हे सांगायला तोंड उघडायचं म्हणून मी रडायलाच लागले. त्यांनी ओठ हळूच खाली ओढून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ते दात ओळखले होते. ते त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. तिथल्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने माझे दात एकेक हलवून बघितले आणि आबांना म्हणाले, "हे खालचे सगळे गेलेले आहेत. ही दाढपण. काढून टाकू, म्हणजे दुखणं संपेल. पुढे कवळी बसवता येईल." ते वाईट माणूस नव्हते. त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच करायचे. मी खुर्चीत होते, त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं होतं. सतरा वर्षांची मुलगी आणि कवळी. मी आबांकडे बघितलं. ते दाराशी उभे होते, टोपी हातात, आणि त्यांचा हात स्वतःच्या तोंडापाशी गेलेला.

"नको," आबा म्हणाले. "आज नको. माझेही असेच काढले होते, डॉक्टरसाहेब. दुखणं काही संपलं नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग जळगावला घेऊन जा. तिथे एक बाई आल्या आहेत, फक्त हिरड्यांचंच काम करतात. पण उशीर करू नका, ही सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतेल."

त्या वाक्यानंतरचा एसटीचा प्रवास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. धुळ्याहून आम्ही घरी न जाता तसेच पुढे गेलो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आबांनी खिडकीतून एका ओळखीच्या माणसाला हाक मारून घरी निरोप द्यायला सांगितलं. एरंडोलच्या पुढे रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्यात जबड्यात कळ यायची. आबा मधूनच माझ्या गळ्याला हाताचा मागचा भाग लावून बघत होते, सूज उतरली का ते.

जळगावच्या डॉक्टर चौधरीबाई ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी चिमटा हातात घेतलाच नाही. आधी माझ्या तोंडाजवळ येऊन श्वासाचा वास घेतला. मी लाजेने मान वळवली तर म्हणाल्या, "अगं, लाजतेस काय? हेच तर माझं काम. पाणी किती पितेस?"

दातांच्या डॉक्टरांनी पाण्याचं का विचारावं, मला कळेना. मी तांब्याचं सांगितलं. रात्री लघवीला किती वेळा उठतेस, वजन उतरलं का, असं विचारत त्या आबांकडे वळल्या.

"घरात साखर कोणाला आहे?"

"मला आहे," आबा म्हणाले. "बहिणीला आहे. आमच्या वडलांनाही होती म्हणतात. पण ही तर पोर आहे अजून."

"आणि तुमचे दात?"

"माझे ट्रम्पेट दाबून गेले."

"बहिणीचे?"

"ती मशेरी लावते."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. मुलगी ट्रम्पेट वाजवते?"

"नाही."

"मशेरी लावते?"

"नाही, बाई."

आबा हळूहळू स्टुलावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे माझ्याकडून आलं तिच्यात." बाई म्हणाल्या, "आलं असेल. तुम्हालाही ते कोणाकडून तरीच आलं. त्यात तुमचा काय दोष? पण आता कळलंय, तेव्हा आता कामाला लागू." त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन आम्हाला पाठवलं. तिथे रक्त घेतलं. साखर इतकी वर होती की ते डॉक्टर मला चालत आलेली बघून चकित झाले. त्याच दुपारी मला दाखल करून घेतलं.

पू त्याच दिवशी काढला. हिरडीला छोटा छेद देऊन बाईंनी तो दाबून बाहेर काढला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बोलता यायला लागलं. पण बाकीचं काहीच करायला त्या तयार नव्हत्या. "साखर खाली येईपर्यंत मी हिरडीला हात लावणार नाही, जखम भरणार नाही," त्या म्हणाल्या. तिकडे साखरेचे डॉक्टर म्हणायचे, तोंडात पू साठत राहिला तर साखर खाली येणार नाही. म्हणजे हिरडीला साखर धरून होती आणि साखरेला हिरडी. इन्सुलिनची सुई पोटात, प्रतिजैविकाची दंडात, आणि मी पडल्यापडल्या वाट बघायची. जिभेला मी सक्त ताकीद दिली होती की दातांकडे जायचं नाही. ती जायचीच. आबा बाकावर बसून असायचे. एकदा दुपारी मला वाटलं ते झोपलेत, पण ते ओठ आवळून, बोटं मांडीवर हलवत होते. तोंडातल्या तोंडात काहीतरी वाजवत होते. मी बघतेय हे लक्षात आल्यावर थांबले.

घरी आले ती एका पेटीसह. तिच्यात काचेच्या नळ्या, निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा. आजच्यासारखं बोटातून थेंब काढून यंत्राला लावायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. नळीत ते निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल, म्हणजे भरपूर. सकाळी चहाच्या आधी माय हे करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रंग तिने पहिल्याच दिवशी पाठ केले. चुलीपाशी उकिडवी बसून ती नळी चिमट्यात धरायची आणि ज्योतीवर फिरवत राहायची. नळीत बुडबुडे यायला लागले की आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो. सुरुवातीला रोज विटकरी. मग नारिंगी. इन्सुलिन बंद करून डॉक्टरांनी मला आबांचीच गोळी देऊन बघितली, आणि ती इतकी लागू पडली की एकदोनदा माझे हातपाय थरथरले, घाम सुटला आणि मायने गुळाचा खडा तोंडात कोंबला. त्या डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. हा असा घराण्यातून येणारा, लहान वयात उमटणारा साखरेचा एक वेगळा प्रकार असतो आणि त्याला गोळी मानवते, हे मला कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीच्या डॉक्टरांनी समजावलं. तेव्हा आम्हाला फक्त नळीतला रंग समजत होता. एका सकाळी तो हिरवा झाला. मायने नळी खिडकीशी नेऊन उन्हात धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.

मग जळगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाईंनी आधी मला दात घासायला शिकवलं. इतकी मोठी मुलगी आणि घासायला शिकायचं, मला हसू आलं होतं. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून, जोर न लावता. "भांडी घासत नाहीयेस," त्या म्हणायच्या, "लहान मुलाचं तोंड पुसतेयस असं समज." मग एकेका बाजूने सफाई. हिरडी बधिर करून आत, मुळापर्यंत, दातावर चिकटलेला दगडासारखा थर खरवडायच्या. तो कर्रकर्र आवाज डोक्याच्या कवटीत घुमायचा. खालच्या समोरच्या दातांसाठी तेवढं पुरलं नाही. तिथे त्यांनी हिरडी उलगडून आतून साफ केली आणि टाके घालून जखम झाकायला वर औषधाचा गुलाबी लगदा लावला. त्या दिवशी मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की नखांचे वळ उठले. "वाचतील का?" मी विचारलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. "एक नाही वाचणार. तो फारच सुटलाय. बाकीच्यांसाठी भांडू." पू झालेली ती दाढ आणि समोरचा एक दात गेला. बाकीचे राहिले. लगदा काढला तेव्हा त्याखालची हिरडी फिकट गुलाबी, दाताला बिलगून बसलेली होती. स्वतःच्या तोंडात असा रंग मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

त्या दिवशी माय बरोबर आली होती. बाईंनी तिला विचारलं, "धाकटा मुलगा आहे ना? त्याला आणा. त्याचंही बघायला हवं."

मायचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. आबांनी संध्याकाळी विषय काढला तेव्हा तिने हातातलं पीठ परातीत आपटलं. "एकनं समजनं, तेवढं बस शे. आते त्याना मांगे लागू नका. पोर चांगला शे, खास, पेस, खेळस." खातो-पितो, खेळतो, त्याला कशाला तपासायचं, असं तिचं म्हणणं.

"तपासलं म्हणजे होतं असं नाही," आबा म्हणाले.

"ही तपासाले गयी आनि व्हयनंच ना!"

आपल्या बाजूने आलेलं हे दुखणं आहे, या विचाराने ते आधीच वाकले होते, मायशी वाद घालायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. आक्का खलबत्ता थांबवून बसून राहिली. विलास तेव्हा सातवीत होता. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्या आठवड्यात मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. तो पाणी किती पितो, ब्रश करताना काय थुंकतो. मला सारखं वाटायचं, याच्याही उशीवर डाग असेल. एकदा मी त्याला म्हटलं, "तोंड उघड." त्याने उघडलं. हिरडी कडेने लालसर, थोडी सुजलेली. मी बोट दाबलं आणि बोटाला रक्त लागलं. "दुखत नाही गं ताई," तो घाईघाईने म्हणाला. मलाही दुखत नव्हतं, सुरुवातीला.

दोन दिवसांनी तो स्वतःच माझ्याकडे आला. रविवारची सकाळ होती. माय गवत कापायला शेतात गेली होती. "ताई, तुझ्या त्या नळीत माझं बघ," तो म्हणाला. "मायला सांगू नकोस आधी."

"लाल निघालं तर?"

"तर तुझ्यासारखं करतील ना." मग तो म्हणाला, "तुझे दात राहिले ना?"

आम्ही चुलीपाशी बसलो. दिवा त्याने पेटवला. निळं औषध नळीत घेतलं, थेंब टाकले, नळी ज्योतीवर धरली. माझ्या स्वतःच्या नळीपुढे मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं. बुडबुडे आले. निळं गढूळ झालं. हिरवट झालं. मी नळी बाजूला घेणार होते, पुरे, हिरवंच आहे, पण उकळी पूर्ण यायला हवी हे मला माहीत होतं. हिरव्याच्या तळाशी पिवळं बसायला लागलं, आणि मग ते सगळीकडे पसरलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. माय डोक्यावरचं फडकं सोडत आत आली होती, विळा घरीच विसरला म्हणून. तिने आधी मला बघितलं, मग नळी, मग विलासला. माझी नळी तिने सकाळीच तपासून, धुऊन पालथी घातली होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, रंग तिच्याइतके कोणालाच येत नव्हते.

"हाई कोनं शे?" तिने विचारलं.

मी विलासकडे बघितलं.

"मनं शे, माय," विलास म्हणाला.

माय ओरडेल, मला मारेल, असं मला वाटलं. ती जवळ येऊन बसली. माझ्या हातातून चिमटा घेतला, नळी पुन्हा ज्योतीवर धरली आणि पुन्हा उकळू दिली. जणू तिच्या हातून रंग वेगळा येईल. पिवळं ते पिवळंच राहिलं. मग तिने दिवा फुंकर मारून विझवला, नळी खाली ठेवली आणि विलासचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. तो आता तिच्या मांडीवर मावत नव्हता, पाय चुलीपर्यंत जात होते. "उद्या जाऊ," ती म्हणाली. विळा तिथेच राहिला. ती त्या दिवशी शेतात परत गेली नाही.

जळगावला तिने आबांना पुढे होऊ दिलं नाही. स्वतः विलासचा हात धरून आत गेली. डॉक्टर चौधरीबाईंनी त्याच्या हिरड्यांमध्ये बारीक सळी घालून जागोजागी बघितलं, आम्ही भिंतीला टेकून उभे. त्यांनी पुन्हा बघितलं. मग मायकडे वळल्या. "हाड अजून शाबूत आहे. याला कापायचं काहीच नाही. सफाई करू, गोळी सुरू होईल, घासायचं ताई शिकवेल. वेळेवर आणलंत, बाई."

वेळेवर आणलंत, हे ऐकल्यावर माय रडली. दवाखान्यात पहिल्यांदाच. पदर तोंडाला लावून उभी राहिली, आणि मग एकदम पदर काढून बाईंसमोर स्वतःचं तोंड उघडलं. तिचे ते पांढरे, घट्ट, एकही न किडलेले दात. "मना दात काढीसन त्याले लावता येतीन का? दोन्हीले?"

बाईंना अहिराणी नीट समजत नसावी, पण हे समजलं. त्यांनी मायच्या खांद्यावर हात ठेवला. "लागणार नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांचे त्यांना पुरतील."

पुरले. विलास पुढे भुसावळला रेल्वेत लागला, आता निवृत्तीला आलाय. त्याच्या तोंडातला एकही दात हललेला नाही. शेंगा अजून दातानेच फोडतो आणि मला मुद्दाम दाखवतो. त्याच्या रक्तात साखर आहे, ती कधी वर जाते, कधी खाली, पण ताब्यात आहे. आबा त्यानंतर गोळी न चुकता घ्यायला लागले. ते गेले तेव्हा मी धुळ्यात शिक्षिका होते. आक्का शेवटपर्यंत मशेरी लावत राहिली. माझ्या तोंडात दोन जागा रिकाम्या होत्या, तिथे नंतर खोटे दात बसवले. बाकीचे माझे आहेत. वर्षातून दोनदा हिरड्या तपासून घेते, आणि अजूनही त्या खुर्चीत बसले की हात खुर्चीचे दांडे शोधतात. सवय जिभेचीही गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा ती दोनदा खालच्या दातांकडे जाऊन आली.

माझ्या मुलीत ते आलं. पंधराव्या वर्षी रक्ताच्या तपासणीत कळलं, कारण मी दर वर्षी तपासत होते. तिच्या हिरड्या सुजायची वेळच आली नाही. मागे तिच्या डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवून तो आमच्या घराण्यातला दोष नावानिशी शोधला. आईबापांपैकी एकात असला तर मुलात यायची शक्यता निम्मी, असं ते म्हणाले. नाणं वर फेकल्यासारखं. ती ऐकून शांत होती. मी तिच्याशेजारी बसून माझी बोटं मोडत होते.

ती पुण्याला असते. तिला गेल्या वर्षी मुलगा झाला. परवा सकाळी तिने फोनवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. बाळाला पहिला दात आला होता. खालच्या हिरडीत, तांदळाच्या कणीसारखा, वर आलेला. मागे तिच्या सासरची माणसं टाळ्या वाजवत होती, कोणीतरी चमच्याने दातावर टिचकी मारत होतं आणि त्या टिकटिक आवाजाला बाळ खुदखुदून हसत होतं. विलासने लगेच उत्तर पाठवलं, मामाआजोबांवर गेलाय म्हणून. मी चष्मा लावला, चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. बाकी सगळे त्याचा दात बघत होते. मी दाताभोवतीची हिरडी बघितली, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. गुलाबी होती. मग मी व्हिडिओ परत सुरू केला आणि त्याला हसू दिलं.